शेवटचा आकडा

"बघ ताई, बाबा ठणठणीत आहेत. तासाभरात आकडा जरासुद्धा हलला नाही," धाकटा हळूच म्हणाला. "गाढ झोपलेत. मुद्दाम उठवलं नाही."

ताईने पिशवी खाली ठेवली आणि मॉनिटरकडे पाहिलं. ऑक्सिजन शहाण्णव. आकडा खरंच हलत नव्हता. धाकट्याला त्यात दिलासा दिसत होता. तिला नाही. जिवंत माणसाचा आकडा घटकेत पंच्याण्णव, घटकेत सत्त्याण्णव, असा हलतोच. बाबा भिंतीकडे तोंड करून, पांघरूण कानापर्यंत घेऊन निजले होते.

ती मशीनच्या मागे गेली. बाबांच्या बोटाला लावलेल्या चिमट्याची वायर खाचेतून अर्धवट बाहेर आली होती. गादीत हवा भरणारा पंप पलंगाखाली घरघरत होता आणि त्याच्या हादऱ्यांनी पिन टेकत होती, सुटत होती, पुन्हा टेकत होती.

तिला सगळं कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

या मॉनिटरच्या कर्नलमधला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गाभ्यातला, ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम कंपनीत तिनेच लिहिला होता. चालू मशीनला वायर लागली की निघाली हे ओळखायचं, एवढंच त्याचं काम. वायर जरा हलली की मशीन बोंबलतं, अशा तक्रारी यायच्या. म्हणून तिने सोय केली. वायर सुटली तरी लगेच ओरडायचं नाही, तीस सेकंद थांबायचं, तोवर शेवटचा आकडा दाखवायचा. मधे वायर पुन्हा हलली, तर मोजणी परत एकपासून. चाचणीच्या टेबलावर वायर एक तर लावलेली असे, नाहीतर काढलेली. अशी लटकती कुणी ठेवून पाहिलीच नाही. ही मोजणी कधी संपलीच नाही तर काय, हे कुणी विचारलं नाही, तिनेही नाही. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता. वर साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, तेव्हा ती हवेत होती.

तिने पिन घट्ट आत दाबली. शहाण्णव गेलं. त्या जागी दोन आडव्या रेघा आल्या आणि मशीनने टाहो फोडला.

"हात कशाला लावलास?" धाकटा ओरडला. "चांगलं चाललं होतं ना!"

तिने पांघरुणात हात घालून बाबांचा हात धरला. तो गार पडला होता.

सिस्टर धावत आल्या, मागोमाग डॉक्टर. दोघा भावंडांना बाहेर काढलं गेलं. दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले, धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून दोन वाक्यं बोलले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. धाकटा बाकावर बसून ढसाढसा रडला. ताईला रडू येईना.

सिस्टरांनी त्याला पाणी दिलं. "झोपेतच गेले हो, काही त्रास झाला नाही," त्या म्हणाल्या. "मशीनसुद्धा एकदा ओरडलं नाही. आधीची मशीन दिवसभर डोकं उठवायची. हे फार गुणी आहे."

धाकट्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"आमच्या ताईनेच केलंय ते."

"अगं बाई, खरंच?" सिस्टर तिच्याकडे वळल्या आणि त्यांनी अगदी मनापासून हात जोडले.