जिभेचा व्यायाम

घास चावताना मोशीच्या गोजाबाईंचा जबडा कटकन वाजायचा आणि मध्येच अडकून बसायचा. देहूरोडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेकायला सांगितलं आणि जोडीला तोंडाच्या स्नायूंचा व्यायाम दिला. जीभ टाळूला लावायची आणि तोंड हळूहळू उघडायचं, मिटायचं. "समोर बसून तुम्ही करून दाखवा, म्हणजे बघून त्या करतील," असं त्यांनी सुनेला, दुर्गाला बजावलं. गोजाबाई तेव्हा गाल धरून कण्हत होत्या.

घरी आल्यावर दुर्गानं त्यात आपल्या मनाची भर घातली. "डॉक्टरांनीच सांगितलंय, आत्याबाई," म्हणत ती रोज सकाळी सासूच्या पुढ्यात मांडी ठोकून बसायची आणि हनुवटीपर्यंत जीभ काढून दाखवायची. लग्न झाल्यापासून गिळलेली सगळी उत्तरं तिनं अशी बाहेर काढली. सासूही निमूटपणे तिच्याकडे बघून तश्शीच जीभ काढायची.

जबडा सुधारला. पुन्हा दाखवायला गेल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "व्यायाम कसा करता, बघू." गोजाबाईंनी आधी टाळूचा केला आणि मग सुनेकडे वळून लांबलचक जीभ काढली.

"हा मी कुठं सांगितला होता?" डॉक्टर चक्रावले. दुर्गा घाईघाईनं पिशवी उचलून उठायला लागली.

 

गोजाबाईंनी शांतपणे पदर सावरला. "न्हाई सांगितला, ठावं हाय मला. म्या बी हितंच बसले व्हते की. पन सुनंला रोज जीभ काढून दाखवायला दुसरी सबब कुठनं आणू?"