लिंबाखालची जागा

जवळच्या गोरेगावहून जीपने शेत पाहायला आलेल्या गिऱ्हाइकाने बांधावरच विचारलं, “नागोराव, शेतात कोणाची समाधी तर न्हाई ना? आमच्यात तसली जमीन घेत न्हाईत.” “न्हाई,” नागोराव म्हणाले. नातीच्या ऑपरेशनसाठी शेत विकणं भाग होतं. कालच त्यांनी बायकोच्या समाधीचे दगड काढून बांधात रचले होते आणि लिंबाखालची ती जागा नांगरली होती. भरलेली विहीर, गोठा, आखाड्यावरचं, शेतातल्या वस्तीचं, मातीचं घर पाहून गिऱ्हाईक खूश झालं. “घर तर लई थंडगार हाय,” ते म्हणालं. भिंतीवरचा नागोरावांच्या बायकोचा हार घातलेला फोटो त्याला दिसला. बोलत दोघे लिंबाखाली आले, तेव्हा नागोरावांनी सवयीने चपला काढल्या. “काहून काढल्या?” गिऱ्हाइकाने विचारलं. नागोरावांनी पायांकडे पाहिलं. “वहिनी हायत का इथं?” त्यांची मान खाली गेली. गिऱ्हाइकाने बूट काढले, ढेकळांना हात जोडले. मग बूट हातात धरून ते जीपकडे निघालं.