डिलीटच्या जागी

टायपिस्टबाईंनी उजव्या कोपऱ्यातलं बटण दाबून धरलं आणि स्क्रीन काळी ठिक्कर पडली.

"झालं कल्याण!" त्या पुटपुटल्या.

त्या कोपऱ्यात वीस वर्षं डिलीट होतं. एकाच कंपनीचे चार लॅपटॉप बाईंनी कोर्टाच्या या खोलीत झिजवले होते; दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं तरी त्या नाक मुरडायच्या. बोट न बघता कोपऱ्यात जायचं, दाबून धरलं की चुकलेली ओळ गायब. सोमवारी आलेल्या या पाचव्या लॅपटॉपात कंपनीतल्या कुण्या शहाण्यानं डिलीट एक घर अलीकडे सरकवलं होतं आणि त्याच्या जागी आणून बसवलं होतं लॅपटॉप बंद करायचं बटण! बाईंनी तक्रार केली तेव्हा कॉम्प्युटरवाला म्हणाला, "होईल सवय." होईल म्हणे! वीस वर्षांची जुनी सवय काय खुंटीला टांगून ठेवायची?

समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गोदामाचा म्हातारा वॉचमन उभा होता. बोलताना तो फार अडखळायचा. एकेका शब्दाशी झोंबत, घाम पुसत त्यानं पाऊण तासात कसंबसं सगळं सांगितलं होतं. चोरी झाली त्या दिवशी गोदामाच्या किल्ल्या मॅनेजर स्वतः घेऊन गेला होता. ज्या हमालावर चोरीचा आळ होता, त्याच्या हातात त्या आल्याच नव्हत्या. हे पाहणारा वॉचमनशिवाय दुसरा कुणी नव्हता.

"काय झालं, बाई?" न्यायाधीशांनी विचारलं.

"लॅपटॉप बंद पडला, साहेब. माझ्याच हातून."

सरकारी वकील लगेच उठला. "मग साक्ष पहिल्यापासून घ्यावी लागेल."

"प... प... पुन्हा?" वॉचमन म्हणाला आणि घाम पुसायला लागला. आरोपीच्या बाकावर हमालानं डोळे मिटून घेतले.

"आधी तो सुरू तर होऊ दे," न्यायाधीश म्हणाले.

बाईंनी तेच मेलं बटण पुन्हा दाबलं. स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय आपलं फिरतंय. बाईंनी पिंजऱ्यातल्या वॉचमनकडे पाहिलं. या माणसात पुन्हा तेवढं बोलायचं त्राण उरलेलं नव्हतं. दोन वाक्यांत हात टेकेल, आठवत नाही म्हणेल आणि सुटका करून घेईल. मग हमालाचं काय? आणि हे सगळं कशानं, तर आपल्या एका बोटानं.

फाईल उघडली. बाई भराभर खाली गेल्या. शेवटची ओळ जागच्या जागी होती.

"आहे, साहेब! सगळं आहे!" त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की दारातला शिपाई आत डोकावला. त्यांचा जीव भांड्यात पडला. आधी त्यांनी फाईल तीनदा सेव्ह केली, मग कपाळ पुसलं.

"वाचून दाखवा," न्यायाधीश म्हणाले. "काही राहिलंय का, साक्षीदाराला ऐकू दे."

बाई वाचायला लागल्या. सुरुवातीला वॉचमनचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते, मग ते थांबले. पिंजऱ्याचा कठडा धरून तो नुसता ऐकत राहिला. किल्ल्या, मॅनेजर, हमाल, सगळं सरळ, न अडता येत होतं. चार मिनिटांत साक्ष संपली.

"राहिलंय का काही?"

वॉचमननं मान हलवली. नाही. त्याची नजर लॅपटॉपवरून हटेना.

"हे... हे मी ब... बोललो?"

"तुम्हीच बोललात, काका. मी पदरचा एक शब्द घातलेला नाही."

म्हातारा हसला. मग न्यायाधीशांकडे वळून, जरा ओशाळून म्हणाला, "साहेब... आ... आणखी एकदा वाचतील का?"

सरकारी वकिलानं घड्याळात पाहिलं. न्यायाधीशांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"वाचा, बाई," ते म्हणाले. "या वेळी जरा सावकाश."