डावा बूट

"काहून वं अंजनी, डावा बूट मागतो मी अन् तू उजवा देऊन राहिली?"

फौजेच्या मेडिकल बोर्डाच्या खोलीबाहेरच्या बाकावर तुळशीराम हवालदार उखडला. तपासणीसाठी काढलेले बूट पुन्हा घालायचे होते आणि आतून कधीही हाक येणार होती. सून कुंडम गावची, माहेरी सगळी हिंदी. दोन वर्षं बिचारी सासऱ्याकडून मराठी शिकत होती.

"तुम्हीच तं म्हटलं बाबूजी," ती गोंधळली, "दायाँ दे म्हणून!"

"डावा... दायाँ..." तुळशीराम स्वतःशीच पुटपुटला.

अकरा वर्षांपूर्वी पूल बांधताना त्याच्या डाव्या पायावर गर्डर पडला होता. कागदावर मात्र जखम उजव्या पायाची नोंदली गेली. पुढे अपंगत्वाची पेन्शन मागितली, तर साहेब लोक म्हणाले, तुझा उजवा पाय ठणठणीत आहे आणि डाव्याचं दुखणं फौजेतलं नाही. झालं! दोनदा अर्ज फेटाळला. आजचं अपील शेवटचं. तो कागद लिहिणारा भैयालाल त्याच्याच पलटणीतला, जिवाभावाचा दोस्त. "तूने जो बोला, वही लिखा," असं तो आईची शपथ घेऊन सांगत राहिला. तुळशीरामने त्याला खोटारडा ठरवलं आणि त्याचं नावच टाकलं.

आतून हाक आली. टेबलामागे तीन साहेब बसले होते, त्यांतला एक तरुण डॉक्टर.

"कुछ नया कहना है, हवालदार?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"कहना नहीं, लिखवाना है, साहब." तुळशीराम तरुण डॉक्टरकडे वळला. "समझिए, मैं अभी घायल हुआ हूँ. जो बोलूँ, लिखिए."

आणि डोळे गच्च मिटून तो त्या दिवशीसारखाच विव्हळला, "आई गं! डावा! डावा पाय!"

डॉक्टरने झरझर लिहिलं. मोठ्या साहेबांनी कागद ओढून मोठ्याने वाचला, "राइट लेग."

तुळशीरामने पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि वाकडा झालेला डावा पाय पुढे ठेवला. "साहब, दर्द में आदमी अपनी माँ की बोली बोलता है. हमारी मराठी का डावा, आपका बायाँ. सुनने वाला दायाँ सुनता है."

मोठे साहेब इतके जोरात हसले की बाहेर अंजनी दचकून उभीच राहिली. हसू आवरून त्यांनी चष्मा पुसला आणि अपिलावर लिहिलं, मंजूर.

बाहेर आल्यावर तुळशीरामने आधी पेढे घेतले. अंजनीने स्कूटर सुरू केली.

"घर चलें, बाबूजी?"

"घर मग. आधी महाराजपूर. भैयालालचे पाय धरायचे आहेत मला."

"दोन्ही?" अंजनीने विचारलं, आणि सासरा खो खो हसला.

चौकात तिने वेग कमी केला. "किधर मुडूँ?"

तुळशीरामने तोंड उघडलं, "डा..." आणि झटकन मिटलं. मग पेढ्यांचा पुडा काखेत दाबून त्याने नुसता डावा हात लांब केला.