आधी उमटणारी ओळ

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओळ आधी उमटायची आणि अवधूतचा हात कपाळाकडे नंतर जायचा. सांगलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या चारुशीलानं, त्याच्या बायकोनं, हा क्रम आठवडाभर पाहिला होता.

"डोकं दुखतंय ना? औषध देते," संजीवनी रोमन अक्षरांत लिहायची. गावात नव्यानंच आलेल्या इंटरनेटवरच्या त्या खेळात पाच जणांची टोळी होती आणि जखमा बऱ्या करणारी वैद्यीण ती. तिला कुणीच पाहिलं नव्हतं. तिच्या ओळी वाचताना अवधूत जसा हसायचा, तसा घरात कधी हसत नसे.

"आता उठा की," चारुशीला म्हणाली.

"मी उठलो तर चौघं अडकतात गं."

"आणि मी कधीची अडकलेय, ते?"

त्यानं मान वळवली नाही. तिनं भिंतीतून फोनची वायर उपसली. मोडेमवरचा दिवा विझला.

तरी संजीवनीची ओळ उमटली: "आज ती म्हणेल, मी साताऱ्याला माहेरी जाते. कायमची."

वर्षभर हे चारुशीलानं मनातच ठेवलं होतं. आताही तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, "मी साताऱ्याला माहेरी जाते. कायमची."