पाणी फिरण्याआधी

सिद्धेशने तळहाताचा आडोसा करून मोबाईल बघितला. तीनशे अठ्ठ्याऐंशी. तीन महिन्यांत शेअर आज पहिल्यांदाच चारशेच्या खाली उतरला होता.

चोपडे गावच्या नदीकाठच्या बांधावर, मानशीपाशी तो बसला होता. मानशीची लाकडी दारं ओहोटीला आपसूक उघडतात, भरतीला मिटतात आणि नदीचं खारं पाणी शेतात येऊ देत नाहीत. त्यांची राखण त्याचे वडील सगुण करायचे. जन्मभर हेच बघत आलेल्या सिद्धेशला बाजारही तसाच दिसला. चारशेला ओहोटी, चारशे तीसला भरती. खाली घ्यायचा, वर विकायचा. चार वेळा जमलं आणि स्वारी हवेत गेली. पाचव्या वेळी त्याने तनयाच्या, म्हणजे लेकीच्या, नर्सिंगच्या फीचे पैसेही त्यातच घातले.

तनया बांधावरून चालत आली. हातात फीचा कागद.

"बाबा, सोमवार शेवटचो दीस. आज विकलस तरच पैसे वेळार गावतले."

आत्ता विकला असता तर फीपुरते जेमतेम आले असते. ते त्यालाही ठाऊक होतं.

"थांब गो मातशी. आता फिरतलो."

शेजारीच उभ्या सगुणांना शेअरबाजारातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी वाकून पडद्यावरची रेघ तेवढी निरखली.

"ही तुझी भरती? पयली हंय, दुसरी तिच्या खाली, तिसरी आनीक खाली. पाणी दर खेपेक उणा चडता, तुका दिसूक नाय रे?"

सिद्धेशला खरंच दिसलं नव्हतं. चौथ्या विक्रीला चारशे तीस. मग चारशे तेवीस. मग चारशे बारा. तो सगळा वेळ खालच्या चारशेवरच डोळे लावून बसला होता. आता दिसलं. तरी विकायच्या बटणावर बोट टेकेना. टेकलं की बापासमोर आणि लेकीसमोर चूक कबूल करायची.

"आनी पाणी फिरूच्या आदी थांबता," सगुण म्हणाले. "ह्या खंय थांबला?"

तीनशे एक्क्याऐंशी. तीनशे चौऱ्याहत्तर. साडेतीनला बाजार बंद झाला तेव्हा तीनशे एकाहत्तर.

तनया नदीकडे बघत होती. पाण्यावरून एक वाळकी काडी समुद्राकडे चालली होती. ती मंदावली, जागच्या जागी थांबली आणि सावकाश उलटी वाहू लागली. काही वेळाने मानशीची दारं कुरकुरत मिटली.

"आजो, नदीचा पाणी फिरला," तनया म्हणाली आणि तिने फीच्या कागदाची घडी घातली.

सिद्धेशने चटकन मोबाईलकडे बघितलं.