पाण्यात कुदा

मोहर्लीच्या तळ्यावर आग्या मोहोळ उठलं, तशी हातातली जाळी टाकून सगळ्या ढिवरांनी पाण्यात उड्या मारल्या. म्हातारा बापूजी तेवढा काठावरच राहिला. मधमाश्यांनी त्याचं तोंड झाकून टाकलं.

"पाण्यात कुदा ना जी! काऊन उभे राह्यले?" त्याची बायको गोकुळा काठालगतच्या पाण्यातून ओरडली.

"तूच निघ बाहेर!" बापूजीने तिला केसांना धरून माश्यांच्या थव्यात ओढलं.

एकाहत्तरच्या लढाईत नौदलाच्या तळावर अचानक विमानं आली, तेव्हा खलाशी बापूजी गावच्या सवयीनं ओरडला होता, "पाण्यात कुदा!" सगळ्या सोबत्यांनी उड्या मारल्या. बूट घालून पोहायची सवय नव्हती, म्हणून तो एकटा धक्क्यावर नाड्या सोडत बसला.

बॉम्ब पाण्यात पडला.